दोर धरणारे हात : सेवाकार्याचे साहाय्य आणि वैयक्तिक ऋणानुबंध

दूरदेशी सेवाकार्यासाठी निघणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्याला प्रवास, निर्वाह आणि औषधपाणी यांसाठी जो पैसा लागतो, तो बहुधा त्याला ओळखणाऱ्या माणसांकडूनच येतो. आप्तेष्ट, शाळासोबती, उपासनेतील सहकारी, एकेकाळचे शिक्षक, शेजारी अशा मंडळींना तो आपला संकल्प सांगतो, त्यांचे साहाय्य मागतो आणि परतल्यावर किंवा तेथूनच कार्याचा वृत्तान्त कळवतो. काही आठवड्यांच्या वैद्यकीय सेवेसाठी जाणारी एखादी परिचारिका असो, की उभे आयुष्य वाहून घेणारा धर्मोपदेशक असो, ही रीत आजही मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

पैसे मागणे अवघड असते आणि ओळखीच्या माणसाकडे मागणे त्याहून अवघड. नाते दुखावेल काय, आपल्या भिडेखातर कोणी देईल काय, दिलेल्या पैशाचे उत्तरदायित्व आपण पार पाडू शकू काय, असे प्रश्न मागणाऱ्याच्या मनात येतात, आणि ते यायलाच हवेत. धर्मादाय संस्थांचे विश्वस्त आणि देणगीदार यांनाही हे प्रश्न नवे नाहीत. म्हणून या रीतीचा थोडा इतिहास अभ्यासणे सर्वांनाच उपयोगी पडेल, मग त्यांची श्रद्धा कोणतीही असो.

१. प्रथेचे मूळ

या प्रथेचे मूळ ख्रिस्ती परंपरेत फार जुने आहे. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाचे रोम येथील मंडळीला लिहिलेले पत्र आहे. पौलाला स्पेनपर्यंत जायचे होते. वाटेत रोमला थांबावे आणि तेथील मंडळीने पुढच्या प्रवासाला हातभार लावावा, अशी अपेक्षा त्याने पंधराव्या अध्यायात मोकळेपणाने व्यक्त केली आहे. रोमची मंडळी त्याने स्थापन केलेली नव्हती, आणि तोवर तो तेथे गेलेलाही नव्हता. तरीही पुढच्याच अध्यायात तो पंचवीसच्या आसपास व्यक्तींना नावानिशी सलाम सांगतो. कोणी त्याच्याबरोबर कष्ट केलेले आहे, कोणी कारावास सोसलेला आहे, आणि एकीला तर तो आपल्या मातेसमान म्हणतो. अनोळखी नगरीतील साहाय्याची वाट ओळखीच्या माणसांमधून जाते, हे त्याने जाणले होते.

फिलिप्पै येथील मंडळीने त्याला तुरुंगात मदत पाठवली, तेव्हा त्याने लिहिलेले आभारही लक्षात घेण्याजोगे आहेत. देणगी मिळाली यापेक्षा ती देणाऱ्यांचे कल्याण होते, याचा आनंद त्याला अधिक वाटला. साहाय्य मागणाऱ्याची दृष्टी देणाऱ्याच्या खिशावर नसून त्याच्या हितावर असावी, हा पहिला धडा येथे मिळतो.

२. तपकिरीच्या डबीतील वचने

आधुनिक काळात या रीतीला जे स्वरूप आले, त्यामागे इंग्लंडमधील एका लहानशा मित्रमंडळाचा मोठा वाटा आहे. मराठी वाचकाला या कथेतील मुख्य व्यक्ती अपरिचित नाही. मराठी भाषेचे व्याकरण (१८०५) आणि मराठी–इंग्रजी कोश (१८१०) छापणारे, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास करणारे विल्यम कॅरे ते हेच.

कॅरे यांचा जन्म १७६१ सालचा. जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत ते बहुतेक भाषा स्वतःच शिकले आणि पुढे बाप्टिस्ट पंथाचे पाळक झाले. १७९२ मध्ये त्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. परदेशी सेवाकार्य करणे हे मंडळीचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादन करून तिच्या अखेरीस त्यांनी पैशाचाही विचार मांडला होता. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आठवड्याला एक पेनी किंवा अधिक वर्गणी द्यावी, असे त्यांनी सुचवले. त्या काळी गुलामांच्या श्रमातून निघणारी वेस्ट इंडीजची साखर अनेक इंग्रज कुटुंबांनी वर्ज्य केली होती. त्यातून वाचणारा पैसा या कामी लावता येईल, हेही त्यांनी दाखवून दिले. मोठ्या धनिकाची वाट न पाहता पुष्कळांच्या थोड्या थोड्या देण्यावर कार्य उभारावे, हा विचार त्यामागे होता.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग या गावी एका विधवा बाईंच्या घरातील लहान खोलीत चौदा जण जमले. त्यांत अँड्र्यू फुलर, जॉन रायलंड, जॉन सट्क्लिफ आणि बर्मिंगहॅमचे तरुण पाळक सॅम्युअल पिअर्स हे होते. बहुतेक सारे खेड्यापाड्यांतील अल्प वेतनाचे पाळक होते. कोणी दोन गिनी, कोणी एक, तर कोणी अर्धी गिनी देण्याचे वचन दिले. ही वचने फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत जमा केली गेली, असे परंपरा सांगते. एकूण रक्कम भरली तेरा पौंड, दोन शिलिंग आणि सहा पेन्स. एवढ्यात एका माणसाला हिंदुस्थानात पाठवणेही शक्य नव्हते. परंतु जमलेले लोक वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखत होते, एकत्र प्रार्थना करीत होते, एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होत होते. खरे भांडवल हेच होते. थोड्याच दिवसांत पिअर्स यांनी आपल्या बर्मिंगहॅमच्या मंडळीकडून सत्तर पौंड गोळा करून आणले.

त्या दिवसांचे वर्णन करताना फुलर यांनी पुढे खाणीचा दृष्टान्त दिला. हिंदुस्थान ही खोल, अज्ञात खाण. तीत उतरण्याची तयारी कॅरे यांनी दाखवली, पण वरच्यांनी दोर धरून ठेवला पाहिजे, ही त्यांची अट. जिवात जीव असेतो दोर सोडणार नाही, असा शब्द प्रत्येकाने दिला, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे. विहिरीत उतरणाऱ्या माणसाचा जीव वर दोर धरणाऱ्यांच्या हाती असतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

३. दारोदार

फुलर संस्थेचे चिटणीस झाले आणि अखेरच्या श्वासापर्यंत दोर धरून राहिले. आपल्या मंडळीचे पाळकपण सांभाळून ते लंडनमध्ये घरोघर हिंडले. अनेक दारांवर त्यांची निराशा झाली. मोठ्या रस्त्यावर अश्रू दिसू नयेत म्हणून त्यांना कधी कधी आडगल्लीत शिरावे लागे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १७९९ ते १८१३ या काळात त्यांनी स्कॉटलंडचे पाच दौरे केले. घोड्याच्या डाकगाड्यांतून, मुक्कामामागून मुक्काम करीत ते गावोगाव गेले आणि भेटलेल्या माणसांशी पत्राने संबंध ठेवीत राहिले.

प्रयाणाच्या वेळी आणखी एक पेच उभा राहिला. एवढ्या दूर येण्यास कॅरे यांच्या पत्नी डोरोथी यांनी प्रथम नकार दिला होता. जहाजाच्या अडचणीमुळे प्रस्थान लांबले आणि बहिणीला बरोबर घेण्याच्या अटीवर त्या शेवटी निघाल्या. प्रवासखर्च अचानक वाढला. तेव्हा रायलंड यांनी लंडनमधील परिचित पाळकांना पत्रे लिहिली आणि केवळ त्यांच्या शब्दावर रकमेची सोय झाली. १३ जून १७९३ रोजी डॅनिश जहाजातून ही मंडळी निघाली. कॅरे यांच्याबरोबर जॉन थॉमस हे शल्यचिकित्सक होते. म्हणजे या संस्थेच्या पहिल्या दोन प्रतिनिधींपैकी एक वैद्य होता.

४. भिडेखातर दिलेले पाच पौंड

फुलर यांच्याविषयी सांगितली जाणारी एक आठवण या विषयाच्या गाभ्याशी जाते. एकदा ते जुन्या स्नेह्याकडे साहाय्य मागण्यास गेले. स्नेही म्हणाला, तू आला आहेस म्हणून पाच पौंड देतो. फुलर यांनी ते पैसे परत केले. माझ्याकडे पाहून दिलेले या कार्यासाठी मला घेता येत नाही, असे त्यांनी सांगितले. तो गृहस्थ क्षणभर थांबला, फुलर यांचे म्हणणे त्याला पटले आणि त्याने दहा पौंड दिले. या वेळी ते प्रभूसाठी आहेत, असे तो म्हणाला.

साहाय्य मागणाऱ्या प्रत्येकाने ही आठवण मनात जपावी. फुलर यांनी मैत्री नाकारली नाही. मैत्रीमुळेच त्यांच्यासाठी दार उघडले होते. परंतु देणगी दारातच अडकली असती, तर ती फुलर यांच्या हयातीपुरती आणि त्यांच्या लोभापुरतीच राहिली असती. नात्याने दार उघडावे आणि दान कार्याच्या पदरात पडावे, हा विवेक पाळला म्हणजे मागणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्यालाही नंतर पश्चात्ताप होत नाही.

५. सात वर्षांची प्रतीक्षा

नोव्हेंबर १७९३ मध्ये बंगालमध्ये पोहोचलेल्या कॅरे कुटुंबाची पहिली वर्षे अत्यंत हलाखीची गेली. आणलेला पैसा लवकर संपला. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने दगावला. डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सावरले नाही. पत्र एका बाजूने पोहोचण्यास सहा-सहा महिने लागत. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास एक वर्ष जाई.

या काळात निळीच्या कारखान्यात नोकरी मिळताच कॅरे यांनी इंग्लंडला कळवले की, आता मला निर्वाहखर्च पाठवू नका, तो अन्यत्र वापरा. समितीतील काहींना मात्र शंका आली की, हा माणूस व्यापारात गुंतून मूळ कार्य विसरेल. तसे सावधगिरीचे पत्र आले, तेव्हा आपल्या मिळकतीतील मोठा भाग कार्यावर खर्च करणाऱ्या कॅरे यांना ते लागले. अंतर आणि विलंब यांमुळे निकटच्या मित्रांतही असा गैरसमज होऊ शकतो. तो वाढला नाही याचे कारण, दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने लिहिणे थांबले नाही.

पहिला बंगाली बाप्तिस्मा डिसेंबर १८०० मध्ये झाला, म्हणजे कॅरे येऊन सात वर्षे लोटल्यावर. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा निखळलेला हात डॉ. थॉमस यांनी बसवला, त्यातून हा परिचय वाढला होता. ही सात वर्षे इंग्लंडमधील साहाय्यकांना दाखवण्यासारखे फळ हाती नव्हते. तरीही त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यांनी यशाचे आकडे पाहून नव्हे, तर माणसाची ओळख असल्यामुळे शब्द दिला होता.

ही ओळख टिकवण्यासाठी फुलर यांनी एक व्यवस्था लावली होती. १७९४ पासून ‘पिरिऑडिकल अकाउंट्स’ या नावाने मिशनऱ्यांच्या पत्रांचे आणि हिशेबाचे वृत्तान्त छापले जाऊ लागले. आजारपण, अपयश, मृत्यू हे त्यात येत असे. खेड्यातील पेनी देणाऱ्यालाही बंगालमध्ये काय चालले आहे ते वाचता येई.

६. श्रीरामपूरची आग

१८०० पासून कॅरे, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे कार्य उभारले. तेथील छापखान्यातून अनेक भारतीय भाषांतील ग्रंथ निघाले. मराठी नवा करार १८११ मध्ये तेथेच छापला गेला. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि कित्येक वर्षे खपून तयार केलेली हस्तलिखिते जळून गेली. नुकसान सुमारे दहा हजार पौंडांचे होते.

ही वार्ता त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंग्लंडला पोहोचली. फ्रान्सशी युद्ध चालू होते, धान्य महाग झाले होते. असे असताना दोन महिन्यांच्या आत नुकसानीएवढी रक्कम जमली आणि फुलर यांना निधी पुरा झाल्याचे जाहीर करावे लागले. वीस वर्षांपूर्वी ज्या कार्यासाठी तपकिरीच्या डबीत तेरा पौंडांची वचने पडली होती, त्याच कार्यासाठी हे घडले. वीस वर्षांची पत्रे, भेटी आणि चोख हिशेब यांचे हे फळ होते. संकटकाळी मिळणारे साहाय्य हे सुस्थितीत जपलेल्या नात्यांचे असते, असा याचा अर्थ.

७. दोर का निसटला

कथा येथे थांबवली, तर ती अर्धीच राहील. सट्क्लिफ १८१४ मध्ये, फुलर ७ मे १८१५ रोजी आणि रायलंड १८२५ मध्ये निवर्तले. समितीत नवी मंडळी आली, कारभार लंडनला हलला. नव्या सभासदांपैकी बहुतेकांनी कॅरे यांना पाहिलेही नव्हते. श्रीरामपूरची मालमत्ता कोणाच्या नावे असावी, तेथील मिळकतीवर अधिकार कोणाचा, असे प्रश्न निघाले. एका बाजूने पाहता ते वाजवी होते, कारण कोणत्याही विश्वस्ताने ते विचारलेच पाहिजेत. दुसऱ्या बाजूने पाहता, स्वतःच्या कमाईने ही मालमत्ता उभी करून आयुष्य वाहिलेल्या माणसांना ते अविश्वासाचे वाटले. फुलर हयात होते तेव्हा अशा गोष्टी एका स्नेहाच्या पत्राने मिटत. आता ठराव आणि प्रत्युत्तरे यांनी त्या वाढत गेल्या. १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि मूळ संस्था अधिकृतपणे वेगळ्या झाल्या. कॅरे ९ जून १८३४ रोजी निधन पावले आणि त्यानंतर १८३७ मध्ये पुन्हा एकीकरण झाले.

वैयक्तिक नात्यांवर उभ्या राहिलेल्या कार्याची शक्ती आणि मर्यादा दोन्ही येथे दिसतात. मित्रांनी दोर धरला म्हणून कार्य उभे राहिले. परंतु तो दोर पुढच्या पिढीच्या हाती देताना मैत्री दिली गेली नाही, केवळ कागदपत्रे दिली गेली.

८. वेल्लोरचा अनुभव

रुग्णालयाशी संबंध असलेल्या वाचकांना दुसरे एक उदाहरण अधिक जवळचे वाटेल. दक्षिण भारतात स्त्री-डॉक्टर नसल्याने बाळंतपणात स्त्रिया प्राणाला मुकतात, हे आयडा स्कडर यांनी तरुणपणी पाहिले होते. वैद्यकीय शिक्षण पुरे करून १८९९ मध्ये त्या भारतात येण्यास निघाल्या, तेव्हा वेल्लोर येथील स्त्रियांच्या रुग्णालयासाठी निधी जमवण्याचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख हॅरिएट टेबर यांच्या घरी त्यांनी ही हकिकत सांगितली. त्यांचे मेहुणे, बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट शेल, ते बोलणे बाजूच्या खोलीतून ऐकत होते. त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले. मेरी टेबर शेल यांच्या नावाचे हे रुग्णालय १९०२ मध्ये सुरू झाले.

एका घरगुती भेटीतून एवढे दान मिळाल्यावर दुसरा कोणी त्या एकाच दात्यावर विसंबला असता. आयडा स्कडर यांनी तसे केले नाही. १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय सुरू झाले, ते अनेक मिशनांच्या आणि महिला मंडळांच्या सहकार्याने. पुढे देशोदेशी वेल्लोरच्या मित्रांची मंडळे तयार झाली आणि हिल्डा लाझारस यांच्यासारख्या भारतीय डॉक्टरांकडे नेतृत्व गेले. १९६० मध्ये आयडा स्कडर यांचे निधन झाले, तरी कार्य चालूच राहिले. दोर एका हातातून अनेक हातांत वेळेवर गेला होता.

९. आचरणासाठी काही सूत्रे

या इतिहासातून, सेवायात्रेला निघणाऱ्या व्यक्तीला आणि तिला पाठवणाऱ्या मंडळींना पुढील गोष्टी घेता येतील.

(अ) यादी रकमांची नव्हे, माणसांची करावी. ज्याच्याकडे मागायचे त्याची सध्या स्थिती कशी आहे, त्याच्या घरी आजार वा अडचण आहे काय, हे ठाऊक असावे. ज्याला देणे शक्य नाही, त्यालाही कार्याची हकिकत सांगावी. त्याची प्रार्थना आणि सदिच्छा ही देणगीच आहे.

(आ) शक्य तेथे प्रत्यक्ष भेटावे. कोठे जाणार, किती दिवस, काय करणार, खर्च किती आणि कशाचा, हे स्पष्ट सांगावे. निरोप मोघम ठेवला, तर ओळखीचा माणूस नाही म्हणू शकत नाही आणि मनापासून हो-ही म्हणू शकत नाही.

(इ) नकाराला मोकळी जागा ठेवावी. भिडेने मिळालेले पैसे नात्यात सल म्हणून राहतात.

(ई) देणगीचा व्यवहार संस्थेमार्फत करावा, पावती द्यावी, हिशेब ठेवावा. स्नेह आहे म्हणून हिशेबाची गरज नाही, असे समजू नये. स्नेह टिकावा म्हणूनच हिशेब हवा.

(उ) वृत्तान्त नियमित कळवावा, आणि त्यात अपयशही लिहावे. केवळ पुन्हा मागण्याच्या वेळी येणारे पत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

(ऊ) साहाय्यकांच्या पुढच्या पिढीशी परिचय करून घ्यावा. वडिलांनी ज्या कार्याला हात दिला, ते कार्य मुलामुलींना प्रत्यक्ष दाखवावे. विश्वस्त मंडळात नवीन सभासद येतात, तेव्हा त्यांना दप्तराबरोबर माणसांचीही ओळख करून द्यावी.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपण देत असलेले साहाय्य व्यक्तीकडे पाहून देतो की कार्याकडे पाहून? त्या व्यक्तीच्या पश्चातही आपण ते चालू ठेवू काय?

२. सात वर्षे दृश्य फळ नसलेल्या कार्यामागे उभे राहण्याची आपली तयारी आहे काय? ती कोणत्या अटींवर असावी?

३. श्रीरामपूरच्या वादात नव्या समितीच्या जागी आपण असतो, तर हिशेबाचा प्रश्न न सोडताही स्नेह कसा राखला असता?

४. आपल्या घरातील तरुणांना आपण कोणत्या कार्याचा दोर हाती देऊ इच्छितो?

या अहवालाच्या पुढील पानांवर देणगीदारांची नावे आणि रकमा छापलेल्या असतात. आपले नाव त्यांत असो वा नसो, ती पाने वाचताना प्रत्येक नावामागे कोणी तरी कोणाच्या दारी गेले होते आणि कोणी तरी दार उघडले होते, हे ध्यानी घ्यावे, एवढीच विनंती.